एका अक्षराचा शोध

उज्जयिनीस क्षिप्रेच्या काठी राम घाट आहे. प्रभू रामचंद्रांनी आपल्या पित्याचे श्राद्ध येथे केले अशी परंपरेची श्रद्धा असून घाटाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पितृपक्षात या घाटावर दूरदूरच्या गावांहून माणसे येतात, क्षिप्रेत उतरून तर्पण करतात, आणि मग आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांचा पत्ता विचारतात. उपाध्याय लाल फडक्यात बांधलेले जुने बाड सोडतात. गाव, कुळ, आडनाव या क्रमाने पाने उलटली जातात, आणि अखेर एखाद्या पिवळ्या पानावर पणजोबांच्या यात्रेची नोंद निघते. मराठेशाहीत मालव्यात जाऊन तेथेच स्थिरावलेल्या मराठी घराण्यांना, आणि महाराष्ट्रातून यात्रेस जाणाऱ्यांनाही, ही प्रथा परकी नाही. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरीही तीच आहे.

परंतु कागद अमर नाही. बाड जीर्ण झाले की त्याची नवी नक्कल करावी लागते, आणि नक्कल म्हटली की लेखनप्रमाद आलाच. बहुतेक प्रमाद निरुपद्रवी असतात. एखादी वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली तर वाचणारा मनातल्या मनात ती सुधारून पुढे जातो. क्वचित मात्र एवढ्याशा चुकीने अर्थच पालटतो. काना एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर सरकला की ‘राम’ची ‘रमा’ होते, आणि पुत्राच्या जागी कन्या लिहिली जाते. पुढच्या नकला याच नकलेवरून होणार असल्यामुळे ती चूक मग कायमची ठरते.

मानवी शरीरातही असेच एक बाड आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो, आणि त्यावर अवघ्या चार रासायनिक अक्षरांत सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा त्याच्या दोन प्रती प्रत्येक पेशीजवळ असतात. पेशी दुभंगते तेव्हा या सगळ्या मजकुराची नक्कल होते. त्या नकलेत जो प्रमाद राहून जातो त्याला शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या किंवा तिला चालना देणाऱ्या जनुकात असा प्रमाद झाला, आणि एकामागून एक असे आणखी काही प्रमाद साचले, तर पेशी अनिर्बंध वाढू लागते. हाच कर्करोग होय.

हा प्रमाद हुडकण्याची गरज केवळ जिज्ञासेपोटी निर्माण झालेली नाही. आज कित्येक औषधे अशी आहेत की ती विशिष्ट उत्परिवर्तन असलेल्या गाठीवरच चालतात. ज्या गाठीत ते नाही तिच्यावर ती देणे व्यर्थ असते, आणि कधी कधी अपायकारकही ठरते. तेव्हा प्रयोगशाळेतून येणाऱ्या ‘सापडले’ किंवा ‘सापडले नाही’ या शब्दांवर एका माणसाचे उपचार अवलंबून असतात. शोधण्याच्या पद्धती मात्र एक नव्हे, अनेक आहेत, आणि एकीला जे दिसते ते दुसरीला दिसत नाही. या पद्धती कशा आल्या आणि प्रत्येकीचे बळ कशात आहे, हे पाहण्यासारखे आहे.

राम घाटावर दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ या चार सिंहस्थांच्या अवधीत हा इतिहास बहुतेक संपूर्ण बसतो. म्हणून त्याच टप्प्यांनी तो पाहणे सोयीचे होईल. तत्पूर्वी थोडे मागे जाऊन मुंबईस थांबले पाहिजे, कारण आपल्याकडील कर्करोग-संशोधनाचा उगम तेथे आहे.

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत उघडले. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या हाती आली. गोमंतकीय कुळातील हे रोगनिदानशास्त्रज्ञ पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक झाले, आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषविले. तंबाखूच्या निरनिराळ्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी चिकाटीने अभ्यासला. त्यांचे साधन सूक्ष्मदर्शक हे होते. गाठीचा तुकडा फॉर्मालीनमध्ये मुरवायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याच्या पातळ चकत्या कापून रंगवायच्या आणि भिंगाखाली पाहायच्या. फॉर्मालीनने मांस टिकते व घट्ट होते हा शोध जर्मनीत फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ साली जाहीर केला होता. ती रीत आजही चालू आहे. सूक्ष्मदर्शकाने पेशीचा आकार, केंद्रकाचा विपर्यास, गाठीचा आक्रमकपणा हे सारे दिसते. डीएनएवरील अक्षर मात्र त्याने दिसत नाही. बाडाची बांधणी आणि पानांची झीज पाहता यावी, पण मजकूर वाचता येऊ नये, तशी ही स्थिती होती.

१९८० च्या सिंहस्थाच्या वेळी मजकूर वाचण्याची विद्या जन्मली होती, परंतु ती गाठीपर्यंत पोहोचली नव्हती. इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९८० साली त्यांना त्याबद्दल दुसऱ्यांदा नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे तत्त्व सुबोध आहे. डीएनएची नक्कल नळीत होऊ द्यायची, पण पुरवलेल्या अक्षरांत काही अक्षरे अशी मिसळायची की ती बसली की नक्कल तेथेच खुंटावी. मग निरनिराळ्या लांबीचे खुंटलेले तुकडे लांबीच्या क्रमाने मांडले की कोणत्या जागी कोणते अक्षर आहे ते वाचता येते.

माणसाच्या गाठीतील पहिले असे अक्षर १९८२ साली हाती लागले. रॉबर्ट वाइनबर्ग, मारियानो बार्बासिद आणि मायकेल विग्लर यांच्या अमेरिकेतील तीन स्वतंत्र गटांनी मूत्राशयाच्या कर्करोगापासून वाढविलेल्या पेशींचा डीएनए उंदराच्या पेशींत घातला. काही ठिकाणी त्या पेशी बेबंद वाढून त्यांचे पुंजके झाले. ज्या जनुकामुळे हे घडले ते वेगळे काढून वाचले, तेव्हा त्या ‘रास’ जनुकाच्या बाराव्या शब्दात एकच अक्षर बदललेले निघाले. ‘जी-जी-सी’च्या जागी ‘जी-टी-सी’ झाले होते, आणि त्यामुळे प्रथिनात ग्लायसीनच्या जागी व्हॅलीन हे अमिनो आम्ल बसले होते. कर्करोगासारखा दारुण रोग आणि त्याच्या मुळाशी एक अक्षर, हे पाहून शास्त्रज्ञांचे जग थक्क झाले. तथापि ही रीत रुग्णालयाच्या उपयोगाची नव्हती. एका गाठीसाठी महिनोन्‌महिने लागत, आणि जिवंत पेशी वाढवाव्या लागत.

त्याच वेळी एक आडवाट सापडली. जीवाणूंपासून मिळणारी काही एन्झाइमे डीएनएवरील ठराविक शब्दच ओळखून तेथे कात्री लावतात. मूत्राशयाच्या त्या गाठीतील बदललेले अक्षर नेमके अशाच एका शब्दात पडले होते. शब्द बिघडल्यामुळे कात्री चालेनाशी झाली, आणि तुकड्यांची लांबी पाहून बदल ओळखता येऊ लागला. ही रीत स्वस्त आणि सोपी होती. पण तिचा उपयोग प्रमाद कात्रीच्या वाटेत पडला असेल तरच, आणि डीएनएही पुष्कळ हवा.

ही दुसरी अडचण १९८५ साली दूर झाली. कॅरी मलिस यांच्या कल्पनेतून निघालेली पॉलिमरेज शृंखला-अभिक्रिया, जिला सर्वत्र पीसीआर म्हणतात, त्या वर्षी प्रसिद्ध झाली. डीएनएचा हवा तेवढाच भाग दोन बाजूंनी धरायचा आणि त्याची नक्कल करायची, मग नकलेची नक्कल करायची. प्रत्येक फेरीत संख्या दुप्पट होत असल्याने, काहीही वाया गेले नाही असे धरले, तर तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या १०७ कोटींवर प्रती होतात. मेणाच्या ठोकळ्यांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या तुकड्यांतूनही मजकूर काढता येतो, हे त्याच दशकात दिसून आले. रोगनिदानाच्या खोल्यांतील कपाटे एकाएकी ग्रंथालये बनली.

१९९२ चा सिंहस्थ आला तोपर्यंत पीसीआरच्या पोटी अनेक पद्धती जन्मल्या होत्या. त्यांपैकी दोन १९८९ सालच्या आहेत, आणि त्यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पहिली जपानमधील मासातो ओरिता व त्यांच्या सहकाऱ्यांची. डीएनएचा एकेरी धागा मोकळा सोडला की तो स्वतःभोवती गुंडाळतो. एक अक्षर बदलले तरी गुंडाळी निराळी होते, आणि लुकणातून विजेच्या ओढीने जाताना तो धागा निराळ्या वेगाने सरकतो. ही पद्धत अज्ञात प्रमादाचाही सुगावा देते, पण कोणते अक्षर बदलले हे सांगत नाही, आणि काही बदल तिच्या नजरेतून निसटतात. दुसरी पद्धत इंग्लंडमधली. तिच्यात नक्कल सुरू करणारा छोटा तुकडाच असा घडवितात की त्याचे शेवटचे अक्षर बदललेल्या मजकुराशीच जुळावे. मजकूर शुद्ध असेल तर नक्कल नीट सुरूच होत नाही, आणि प्रमाद असेल तर ती जोरात होते. ही पद्धत ज्ञात प्रमाद फार बारकाईने पकडते, पण ज्याची चौकशी केली नाही त्याविषयी एक शब्दही बोलत नाही.

येथे सगळ्या तुलनेचे मर्म आहे, आणि ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्कपेशी नव्हेत. त्यात रक्तवाहिन्या, तंतू, पांढऱ्या पेशी अशी पुष्कळ निरोगी मंडळी मिसळलेली असते. समजा, तुकड्यातल्या शंभर पेशींपैकी तीस कर्कपेशी आहेत. प्रत्येक पेशीत मजकुराच्या दोन प्रती, म्हणजे एकूण दोनशे. कर्कपेशीच्या दोन प्रतींपैकी एकीतच प्रमाद असतो असे धरले, तर बिघडलेल्या प्रती तीस. दोनशेत तीस म्हणजे पंधरा टक्के. कर्कपेशी दहाच असतील, तर पाच टक्के.

आता सँगरची रीत सगळ्या प्रती एकत्र वाचते. शंभर माणसे एकाच वेळी तोच श्लोक म्हणत असावीत, आणि त्यांतील पाचांनी एक अक्षर चुकवावे, तर ऐकणाऱ्याला चूक कळणार नाही. साधारण पंधरा ते वीस टक्के प्रतींत बदल असेल तरच तो या रीतीत निश्चितपणे उमटतो. तिचा गुण असा की ती समोरच्या भागातील प्रत्येक अक्षर वाचते, म्हणून अपूर्व प्रमादही तिला दिसतो. ज्ञात प्रमादासाठी घडविलेली दुसरी रीत सुमारे एक टक्क्यापर्यंत उतरते. या दोहोंच्या मध्ये पायरोसिक्वेन्सिंग नावाची स्वीडनमधील रीत आली. तिच्यात अक्षर बसताच काजव्याच्या एन्झाइमामुळे प्रकाश पडतो, आणि प्रकाशावरून मजकूर वाचतात. पाच टक्क्यांच्या आसपासचा बदल तिला दिसतो, पण ती एका वेळी थोडीच अक्षरे वाचू शकते. तात्पर्य, पंधरा टक्क्यांच्या त्या तुकड्यात सँगरची रीत काठावर उभी असते, आणि पाच टक्क्यांच्या तुकड्यात ती ‘सापडले नाही’ असे म्हणेल. ते उत्तर खोटे नाही, पण पुरते खरेही नाही.

या हिशेबाला जीवनमरणाचे मोल आले ते २००४ साली. फुप्फुसाच्या कर्करोगावर जेफिटिनिब नावाची गोळी नुकतीच निघाली होती. बहुसंख्य रुग्णांना तिचा उपयोग होत नसे, आणि थोड्यांच्या गाठी मात्र पाहता पाहता विरत. याचे कारण कोणालाच उमगत नव्हते. उज्जयिनीत सिंहस्थ चालू असतानाच, त्या एप्रिलच्या अखेरीस, बोस्टनमधील दोन गटांनी उत्तर जाहीर केले. ज्यांना गुण आला त्यांच्या गाठींत ‘ईजीएफआर’ या जनुकात प्रमाद होता. एका गटाने गुण आलेले नऊ रुग्ण तपासले, त्यांपैकी आठांत तो सापडला. गुण न आलेल्या सातांपैकी एकातही सापडला नाही. वाचनाची रीत सँगरचीच होती.

पाच वर्षांनी, २००९ साली, पूर्व आणि आग्नेय आशियातील १,२१७ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे फळ प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना गोळी दिली होती, तर काहींना प्रचलित रसायनोपचार. ज्यांच्या गाठीत प्रमाद होता त्यांपैकी गोळीने शेकडा ७१ जणांच्या गाठी लहान झाल्या, रसायनोपचाराने ४७ जणांच्या. ज्यांच्यात प्रमाद नव्हता त्यांच्यात गोळीचे यश शेकडा एकाच्या जवळपास राहिले, आणि रसायनोपचाराचे २३ च्या वर. म्हणजे प्रयोगशाळा दोन्ही बाजूंनी चुकू शकते, आणि दोन्ही चुकांची किंमत रुग्णच भरतो. असलेला प्रमाद निसटला तर हातचे औषध जाते. नसलेला दिसला तर चालणारा उपचार सोडून न चालणारा पदरात पडतो. या चाचणीतील आणखी एक आकडा मननीय आहे. १,२१७ पैकी अवघ्या ४३७ रुग्णांच्या नमुन्यांवर प्रमादाचा निर्णय करता आला. उरलेल्यांचे नमुने मिळाले नाहीत किंवा तपासण्याजोगे निघाले नाहीत. पद्धत कितीही बारीक असो, तुकडाच हाती नसेल तर ती काय करणार?

याच सुमारास मुंबईत हे काम रुजत होते. खानोलकरांच्या संस्थेची परंपरा सांगणारे कर्करोग संशोधनाचे प्रगत केंद्र २००२ पासून नवी मुंबईत खारघर येथे उभे आहे. टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी २०१३ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांत ईजीएफआरचा प्रमाद आढळला. हे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांहून अधिक आणि पूर्व आशियातील लोकांहून कमी आहे. दुसऱ्याचे आकडे उसने घेऊन आपल्या रुग्णांविषयी अनुमान करू नये, हा धडा त्यातून मिळाला. त्याच वर्षी खारघरचे केंद्र आणि बंगालमधील कल्याणी येथील संस्था यांनी मिळून गाल व हिरडीच्या कर्करोगाचे बाड उलगडले. आधी ५० रुग्णांच्या गाठींतील प्रथिने घडविणारा सर्व मजकूर वाचला, आणि मग तेथे सापडलेले बदल आणखी ६० रुग्णांत ताडून पाहिले. ज्या रोगाचा तंबाखूशी संबंध खानोलकरांनी भिंगाखाली अभ्यासला, त्याच रोगाची अक्षरे त्यांच्या वारसांनी वाचली.

हे वाचन ज्या रीतीने झाले ती नव्या पिढीच्या अनुक्रमणाची. तिचे पहिले यंत्र २००५ साली बाजारात आले. सँगरची रीत सगळ्यांचा आवाज एकत्र ऐकते, तर ही रीत लक्षावधी प्रती एकेक करून स्वतंत्रपणे वाचते आणि मग मोजते. एखाद्या जागी ५०० प्रती वाचल्या आणि २५ प्रतींत बदल दिसला, तर प्रमाण पाच टक्के. शिवाय एकाच वेळी शेकडो जनुके वाचता येतात, त्यामुळे तुकडा थोडा असला तरी त्यातून पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळतात. हिच्यापुढे बाकीच्या पद्धती निकालात निघाल्या, असे कोणाला वाटले तर नवल नाही.

पण तिलाही तिची संकटे आहेत. फॉर्मालीनमध्ये मुरलेला डीएनए तुटतो, आणि त्यातील काही ‘सी’ अक्षरे अशी बिघडतात की यंत्र त्यांना ‘टी’ वाचते. गाठीत कधी झालाच नव्हता असा प्रमाद त्यामुळे कागदावर उमटतो. दुसरे संकट याहून सूक्ष्म आहे. माणसामाणसांच्या मजकुरात जन्मतःच असंख्य अक्षरांचा फरक असतो. एका प्रांतात आडनाव एका रीतीने लिहितात आणि दुसऱ्या प्रांतात निराळ्या रीतीने, म्हणून कोणी त्याला लेखनप्रमाद म्हणत नाही. परंतु पाश्चात्त्यांच्या याद्या प्रमाण मानल्या, तर भारतीयांचा कुळाचार गाठीचा दोष ठरण्याचा धोका आहे. यावर उपाय म्हणून खारघरच्या प्रयोगशाळेने कर्करुग्णांच्या निरोगी पेशींचे ६२ नमुने वाचून भारतीय फरकांचा एक कोश सिद्ध केला, आणि २०१६ साली तो सर्वांना खुला केला. अर्थात सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे त्याच रुग्णाच्या निरोगी पेशी शेजारी ठेवून ताडून पाहणे, पण त्याने खर्च वाढतो. आणि यंत्र, संगणक व तज्ज्ञ यांचा खर्च आधीच थोडा नाही. अहवालास दिवस लागतात, कधी आठवडेही. ज्याची धाप वाढते आहे अशा रुग्णाच्या दृष्टीने आठवडा ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या टोकाला एक साधी पद्धत आहे. बदललेल्या अक्षरामुळे बदललेले प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे तयार करण्यात आली आहेत. ती चकतीवर टाकली की बदललेले प्रथिन असलेल्या पेशी रंगतात, आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. थोड्या वेळात, थोड्या पैशात, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतही हे होऊ शकते, आणि कोणती पेशी बिघडली हेही डोळ्यांनी दिसते. मात्र एक प्रतिपिंड एकच प्रमाद ओळखते. त्याचा भाऊबंद शेजारी उभा असला तरी ते त्याला ओळखत नाही.

२०१६ चा सिंहस्थ २१ मे रोजी संपला. दोन आठवडे लोटण्याच्या आत, १ जून रोजी, अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी रक्तातून ईजीएफआरचा प्रमाद शोधणाऱ्या चाचणीला प्रथमच मान्यता दिली. रक्तद्रवात पेशींबाहेर सुटा डीएनए असतो हे फ्रान्समध्ये १९४८ सालीच दिसले होते. गाठीतील मेलेल्या पेशींचा डीएनएही त्यात येतो, पण तो फार विरळ असतो. अशा विरळ शोधासाठी डिजिटल पीसीआर ही रीत उपयोगी पडते. बर्ट व्होगेलस्टाइन आणि केनेथ किंझलर यांनी ती या नावाने १९९९ साली मांडली. नमुना इतक्या थेंबुकल्यांत वाटायचा की एकेकात एखादीच प्रत यावी, मग प्रत्येकात स्वतंत्र नक्कल करायची, आणि बिघडलेली थेंबुकली मोजायची. हजारात एक इतका विरळ प्रमादही असा सापडू शकतो. परंतु येथेही अंकगणित कोणाची गय करीत नाही. नळीत मुळात शंभरच प्रती असतील, तर हजारातली एक शोधण्याची शक्ती असून उपयोग काय? म्हणूनच त्या मान्यतेबरोबर एक अट घातलेली होती. रक्तात प्रमाद सापडला तर औषध द्यावे, पण सापडला नाही तर गाठीचा तुकडा घेऊन पुन्हा तपासावे.

मग सर्वांत चांगली पद्धत कोणती? राम घाटावरून क्षिप्रेच्या काठाने दक्षिणेला गेले की सवाई जयसिंगाची वेधशाळा लागते. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. तेथे सम्राट यंत्र सूर्याच्या छायेवरून वेळ सांगते, नाडीवलय यंत्र सूर्य उत्तर गोलार्धात आहे की दक्षिण हे दाखवते, भित्ती यंत्र मध्यान्हीची उंची मोजते आणि दिगंश यंत्र दिशा. आकाश एकच, पण प्रश्न निराळे, म्हणून यंत्रे निराळी. प्रयोगशाळेचे तसेच आहे. एकच ज्ञात प्रमाद आणि घाई असेल तर नेमक्या अक्षराची पीसीआर चांगली. पैसा आणि यंत्रे तोकडी असतील तर प्रतिपिंडाने आरंभ करावा. अपूर्व प्रमादाचा संशय असेल आणि कर्कपेशी भरपूर असतील तर सँगरची जुनी रीत अजून विश्वासू आहे. अनेक जनुके पाहायची आणि तुकडा एकच, तर नव्या पिढीचे अनुक्रमण. तुकडा काढणेच अशक्य असेल तर रक्त. आणि या सगळ्यांच्या आधी खानोलकरांचे तेच भिंग हवे. तुकड्यात कर्कपेशी शेकडा किती आहेत हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय पुढचे कोणतेही उत्तर कसे वाचावे हे कळत नाही.

यावरून रुग्णाच्या कुटुंबाने काय घ्यावे? अहवाल हाती आला की तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. तुकड्यात कर्कपेशींचे प्रमाण किती होते? तपासणी कोणत्या पद्धतीने केली, आणि तिला किती टक्क्यांपर्यंतचे दिसते? कोणकोणते प्रमाद शोधले, आणि कोणते शोधलेच नाहीत? चांगल्या अहवालात या तिन्हींची उत्तरे लिहिलेली असतात. नसतील तर डॉक्टर ती मिळवून देऊ शकतात. हे विचारण्यात अविश्वास नाही. जो ‘सापडले नाही’ या शब्दांवर आपल्या माणसाचा उपचार ठरविणार, त्याने ते शब्द कितपत भार सोसतील हे पाहून घेणे एवढेच त्यात आहे.

राम घाटावरचा जाणता उपाध्याय पाने उलटून थकला, आणि कुळाची नोंद मिळाली नाही, तर काय म्हणतो? तुमचे पूर्वज नव्हतेच असे तो म्हणत नाही. ‘या बाडात नाही’ असे म्हणतो, बाड पुन्हा फडक्यात बांधतो, आणि दुसऱ्या उपाध्यायाच्या घराची वाट दाखवतो. पुढचा सिंहस्थ २०२८ साली भरेल. तोपर्यंत प्रयोगशाळांत आणखी बारीक नजरेची यंत्रे येतील यात शंका नाही. परंतु आपण काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे प्रांजळपणे सांगण्याची त्या उपाध्यायाची रीत मात्र त्यांनाही पाळावीच लागेल, कारण त्या पानाच्या पलीकडे एक माणूस उत्तराची वाट पाहत बसलेला असतो.